मातीतून ताटापर्यंत : किरणोत्सर्गी द्रव्यांचा प्रवास आणि आपल्या आवारातील दोन टाक्या

(वार्षिक देणगीदार मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी आम्ही संस्थेचा जमाखर्च आपणांपुढे ठेवत आलो आहोत. यंदाचा ताळेबंद लेखापरीक्षकांच्या अहवालासह छापून आपल्या हाती दिलेला आहे. तो पुन्हा वाचून दाखवून आपल्या संयमाची परीक्षा घेण्याचा आमचा विचार नाही. त्याऐवजी त्यातील एकाच नोंदीविषयी बोलण्याची अनुज्ञा आम्ही अध्यक्ष महोदयांकडे मागितली व त्यांनी ती उदारपणे दिली. 'इमारत व बांधकाम' या सदरात, आयोडीन उपचार कक्षाच्या खर्चाला जोडून, 'सांडपाणी साठवण टाक्या, दोन' अशी ती नोंद आहे. कक्षातील खाटांवर, शिशाचे अस्तर दिलेल्या दरवाजांवर, अगदी प्रतीक्षालयातील बाकांवरही देणगीदारांच्या नावाच्या पाट्या आहेत. या टाक्या मात्र जमिनीत आहेत, त्यांच्यावर काँक्रीटचे झाकण आहे आणि त्यांना पाटी नाही.

आरंभीच एक कबुली द्यावयास हवी. या टाक्यांचे अंदाजपत्रक आमच्या मेजावर आले, तेव्हा आम्ही समासात पेन्सिलीने लिहिले होते : 'दुसरी टाकी पुढील आर्थिक वर्षात घेता येईल काय?' आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. विज्ञानाशी आमचा परिचय शालान्त परीक्षेपुरता. खर्च पुढे ढकलणे हा आमच्या व्यवसायाचा जुना संस्कार आहे. आमच्या न्यूक्लिअर मेडिसीनच्या डॉक्टरांनी फाइल त्याच दिवशी परत पाठविली. खाली एकच वाक्य होते : 'एक टाकी भरत असताना दुसरी बंद असावी लागते, म्हणून एक टाकी म्हणजे टाकी नसल्यासारखेच.' आम्ही सही केली, परंतु खरे सांगावयाचे तर ती समजून केलेली नव्हती.

समजण्याची वेळ आणली ती आमच्या शेजाऱ्यांनी. रुग्णालयाच्या मागील भिंतीला लागून ज्यांची भाजीपाल्याची शेती, विहीर आणि म्हशींचा गोठा आहे, ते गृहस्थ एके सकाळी कार्यालयात येऊन बसले. रुग्णांचे नातेवाईक कित्येक वर्षे त्यांच्याकडूनच दूध नेतात. ते म्हणाले, "साहेब, थायरॉइडच्या पेशंटला तुम्ही किरणांचं औषध पाजणार म्हणे. ते लघवीवाटे बाहेर पडणार. ते पाणी उद्या माझ्या विहिरीत आलं, लसूणघासात उतरलं, म्हशीच्या दुधात आलं, तर?" आम्ही म्हणालो, काळजी करू नका. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "काळजी करू नका, हे काही उत्तर झालं नाही साहेब."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्यानंतर वर्षभर आम्ही डॉक्टरांना व आमच्या किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडले, मिळेल ते वाचले, आणि शेजाऱ्यांना द्यावयाचे उत्तर जमविले. तेच आज आपणांपुढे मांडत आहोत.

आमच्या कक्षात वापरले जाणारे औषध म्हणजे आयोडीन-१३१. त्याचे अर्धायुष्य ८ दिवसांचे आहे. 'अर्धायुष्य' हा शब्द आम्हांस प्रथम गूढ वाटला; पुढे ध्यानात आले की हा तर आपला घसारा. हिशेबात घसाऱ्याच्या दोन पद्धती आहेत. सरळ रेषेच्या पद्धतीत दरवर्षी तेवढीच रक्कम वजा होऊन मालमत्ता एक दिवस शून्यावर येते. घटत्या मूल्याच्या पद्धतीत उरलेल्या रकमेवर टक्केवारी लागते. शून्य कधीच येत नाही, मात्र रक्कम नगण्य होत जाते. निसर्गाने दुसरी पद्धत स्वीकारली आहे, आणि दर ८ दिवसांना ५० टक्के असा दर लावला आहे. आज हजार असेल तर ८ दिवसांनी पाचशे, १६ दिवसांनी अडीचशे, आणि ८० दिवसांनी साधारण एक. या घसाऱ्याचा दर उष्णतेने, दाबाने वा कोणत्याही रसायनाने बदलता येत नाही. आपल्या हाती असते ते एवढेच, की ते द्रव्य तोपर्यंत कोठे राहील हे ठरविणे.

आणि खरा प्रश्न तोच आहे. मातीला, गवताला किंवा आपल्या देहाला किरणोत्सर्ग ओळखता येत नाही. त्यांना केवळ रसायन ओळखता येते. किरणोत्सर्गी आयोडीन हे शरीराला साध्या मिठातल्या आयोडीनसारखेच वाटते, म्हणून ते गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत साठविले जाते. (आमचा उपचार याच गुणावर चालतो : कर्करोगग्रस्त थायरॉइड पेशींचा पत्ता औषधाला शोधावा लागत नाही, पेशीच त्याला बोलावून घेतात.) सीझियम-१३७ हे पोटॅशियमचा वेष घेऊन वनस्पतीत व स्नायूंत शिरते. स्ट्रॉन्शियम-९० हे कॅल्शियमसारखे वागते आणि हाडांत जाऊन बसते. त्यामुळे किती किरणोत्सर्ग सांडला एवढेच विचारून भागत नाही. कोणते द्रव्य, कोणत्या मातीवर, कोणत्या ऋतूत आणि कोण काय खात असताना सांडले, हे विचारावे लागते.

याचे सर्वांत मोठे व सर्वांत दुःखद उदाहरण म्हणजे युक्रेनमधील चेर्नोबिल. २६ एप्रिल १९८६ रोजी तेथील अणुभट्टीचा स्फोट झाला. वसंत ऋतू होता. गाई नुकत्याच कुरणावर जाऊ लागल्या होत्या. आयोडीन हवेतून आले आणि गवताच्या पात्यांवर बसले. मातीत उतरून मुळांवाटे वर येण्याची त्याला गरजच पडली नाही. एक गाय दिवसाकाठी शंभराहून अधिक चौरस मीटरवरील गवत खाते. म्हणजे एवढ्या विस्तृत कुरणावर विरळ पसरलेले द्रव्य ती एकटी गोळा करते आणि एक-दोन दिवसांत त्याचा काही अंश बादलीभर दुधात उतरवते. ते दूध पिते मूल. मुलाची थायरॉइड ग्रंथी मोठ्या माणसाच्या ग्रंथीपेक्षा कितीतरी लहान, त्यामुळे तेवढ्याच आयोडीनाचा तिच्यावर होणारा मारा कित्येक पट. त्यातून त्या प्रदेशात पुष्कळ ठिकाणी अन्नात मुळातच आयोडीन कमी होते. भुकेल्या ग्रंथीने जे आले ते अधाशीपणे घेतले. त्या वेळी मुले वा किशोरवयीन असलेल्यांमध्ये बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांतील मोठा वाटा या आयोडीनाचा, आणि त्यातही मुख्यतः दुधाचा, असे संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीचे मत आहे. उपचार वेळेवर मिळाल्याने त्यांतील बहुसंख्य वाचले. २००५ पर्यंत मृत्यू १५ होते. तरीही सहा हजार मुले, आणि त्यांच्या गळ्यावरची शस्त्रक्रियेची खूण.

या प्रकरणी आम्हांस सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की हे आयोडीन ८ दिवसांच्या घसाऱ्याचे होते. ताजे दूध दोन-तीन महिने न पिणे एवढाच त्यावरचा उपाय होता. शेजारच्या पोलंडने तो बऱ्याच अंशी केला : एक कोटीहून अधिक मुलांना साधे आयोडीन पाजून ग्रंथी आधीच भरून टाकली, गाईंना कुरणावर सोडण्यास मनाई केली, लहान मुलांना दुधाची भुकटी दिली. इंग्लंडमध्ये तर १९५७ सालीच विंडस्केल येथील अणुभट्टीला आग लागल्यावर सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातील दूध काही आठवडे ओतून देण्यात आले होते. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते. ज्या खेड्यांत मुले आजारी पडली, तेथे ते वेळेवर पोहोचविले गेले नाही. ओतून न देताही एक मार्ग होता : बाधित दुधाची भुकटी किंवा चीज करून ते कोठारात ठेवावे, तीन महिन्यांनी त्यातले आयोडीन आपोआप संपते. आमच्या जमिनीतील टाक्या याच तत्त्वावर आहेत. त्या सांडपाणी शुद्ध करत नाहीत, त्याला केवळ थांबवून ठेवतात.

येथे आमच्या कक्षातील एक प्रसंग सांगतो. गतवर्षी एक तरुण माता उपचारासाठी आली. शस्त्रक्रिया झालेली, अंगावर दूध पिणारे बाळ. डॉक्टरांनी तिला सांगितले की औषध घेण्यापूर्वी किमान सहा आठवडे आधी बाळाचे अंगावरचे दूध तोडावे लागेल आणि या बाळाला ते पुन्हा देता येणार नाही. तिच्या सासूबाईंनी आमच्यापुढे पदर डोळ्यांना लावून विचारले, "चार दिवसांनी पाजलं तर नाही का चालणार?" नाही चालणार, कारण गवत, गाय, दूध, मूल ही जी साखळी आताच सांगितली, तीच येथे दोनच कड्यांची होते : आई आणि मूल. स्तनातील ग्रंथीही आयोडीन ओढून घेतात. त्या मातेने दूध तोडले, सहा आठवडे थांबली, मग उपचार घेतला. त्यानंतर घरी गेल्यावरही काही दिवस बाळाला मांडीवर घ्यावयाचे नव्हते. रुग्णांच्या कुटुंबीयांना आम्ही देतो त्या सूचनापत्रकात हे चार ओळींत छापलेले आहे. त्या चार ओळींचे वजन त्या दिवशी आम्हांस कळले.

आता मातीकडे येऊ, कारण शेजाऱ्यांचा प्रश्न मातीचाही होता.

सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे. चेर्नोबिलहून पडलेले सीझियम २०१६ च्या सुमारास निम्मे झाले. एक चतुर्थांश व्हावयास २०४६ उजाडेल. परंतु मातीवर पडलेले सारेच सीझियम अन्नात येते असे नाही. इलाइट नावाची एक प्रकारची चिकणमाती असते. तिचे थर एखाद्या पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक असतात आणि झिजलेल्या कडांशी किंचित उघडतात. सीझियमचा कण त्या फटीत बरोबर बसतो आणि तेथेच अडकतो. अशा जमिनीत वर्ष-दोन वर्षांत पिकांत येणारे सीझियम झपाट्याने घटते. ते शेतात असते, परंतु मुळांच्या हाती लागत नाही. ज्या जमिनीत चिकणमाती कमी आणि कुजलेल्या शेवाळाचा पीट अधिक, तेथे मात्र ते मोकळेच राहते : गवतात जाते, जनावरात जाते, शेणामुतावाटे परत मातीत येते, पुन्हा गवतात जाते. आपल्याकडील काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट ही चिकणमाती मुबलक असते. ती असे कण धरून ठेवते, परंतु इलाइटइतके जखडून ठेवीत नाही. म्हणून एका देशाची माती दुसऱ्या देशाला आधार म्हणून दाखविता येत नाही.

याची किंमत वेल्सच्या डोंगराळ भागातील मेंढपाळांनी मोजली. चेर्नोबिलहून वेल्स हजारो किलोमीटर दूर. परंतु मे १९८६ च्या आरंभी ढग तेथून जात असताना पाऊस पडला. जूनमध्ये सरकारने बाधित भागातील मेंढ्यांच्या विक्रीवर व हालचालीवर निर्बंध घातले आणि हे तीन आठवड्यांचे काम आहे असे सांगितले. तो अंदाज सखल भागातील चिकणमातीच्या अनुभवावर आधारलेला होता. डोंगरावर पीट होते. निर्बंध उठले १ जून २०१२ रोजी, तब्बल २६ वर्षांनी. ब्रिटनमध्ये आरंभी ९,००० हून अधिक शेते आणि ४० लाखांहून अधिक मेंढ्या या निर्बंधांखाली होत्या.

ती व्यवस्था कशी चाले, हे आम्ही व्यवस्थापनाच्या दृष्टीने मोठ्या कुतूहलाने वाचले. मांसाची मर्यादा किलोला १,००० बेकरेल होती (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन). मेंढी विकण्यापूर्वी निरीक्षक येऊन तिच्या पाठीमागच्या भागाला मापक लावीत. मर्यादेपेक्षा अधिक आढळल्यास रंगाची खूण करीत. खूण असलेली मेंढी कत्तलखान्यात जाऊ शकत नसे. मग मेंढपाळ तिला खालच्या, चिकणमातीच्या कुरणावर नेई. काही आठवड्यांत तिच्या अंगातील सीझियम मूत्रावाटे बाहेर पडे आणि ती विक्रीयोग्य होई. या त्रासापोटी मेंढीमागे १ पौंड ३० पेन्स भरपाई मिळे. तीन आठवड्यांचे आश्वासन आणि सव्वीस वर्षांची रंगाची डबी. आम्हांस वाटते, त्या मेंढपाळांना किरणोत्सर्गापेक्षा त्या चुकीच्या तारखेने अधिक दुखविले असेल. म्हणूनच शेजाऱ्यांना आम्ही कोणतीही तारीख अंदाजाने दिलेली नाही.

नॉर्वेत गवताच्या जागी दगडफूल होते. त्याला मुळे नसतात. जे लागते ते तो पावसातून आणि हवेतून घेतो. रेनडियर हिवाळाभर तोच खातात आणि सामी लोक रेनडियर खातात. तेथील सरकारने नोव्हेंबर १९८६ मध्ये रेनडियरच्या मांसाची मर्यादा किलोला ६,००० बेकरेलपर्यंत वाढविली, अन्यथा एका समाजाचे जीवनमानच बुडाले असते. त्याचबरोबर जनावरांना चाटावयाच्या मिठात प्रशियन ब्लू हे चित्रकारांच्या ओळखीचे निळे रंगद्रव्य मिसळून देण्यात आले. ते पोटात सीझियमला पकडते आणि शेणावाटे बाहेर नेते. हेच रंगद्रव्य माणसांनाही औषध म्हणून देतात.

या साखळीचे एक टोक मुंबईपर्यंत आले होते, हे आपणांपैकी ज्येष्ठांना आठवत असेल. चेर्नोबिलनंतर आयर्लंडहून सुमारे २०० टन बटर मुंबईत आले. ते किरणोत्सर्गाने बाधित असल्याच्या शंकेने काही नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले; याचिकाकर्त्यांत एक डॉक्टर होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली, आणि ते खाण्यास सुरक्षित असल्याच्या तिच्या अहवालावरून १९८८ मध्ये याचिका निकाली निघाली. यातले विज्ञान आपल्या स्वयंपाकघरात समजण्याजोगे आहे. सीझियम व स्ट्रॉन्शियम दुधाच्या पाणीदार भागात असतात, स्निग्धांशात नाहीत. दही घुसळले तर ती ताकात राहतात. लोण्यात थोडीशी येतात आणि कढवून गाळलेल्या तुपात जवळजवळ नाहीतच. म्हणून दुग्धजन्य पदार्थांत लोण्याचे माप सर्वांत कमी असणे अपेक्षितच होते. असे असले तरी त्या नागरिकांनी विचारले, यात आम्हांस काही वावगे दिसत नाही. विचारल्यामुळेच मोजले गेले आणि मोजल्यामुळेच लोकांना कळले.

मोजण्याच्या बाबतीत जपानचा फुकुशिमा प्रांत सर्वांच्या पुढे गेला. मार्च २०११ च्या दुर्घटनेनंतर तेथे २०१२ च्या हंगामापासून भाताचे प्रत्येक पोते यंत्राखालून जाऊ लागले. वर्षाला सुमारे एक कोटी पोती. मर्यादा किलोला १०० बेकरेल. पहिल्या वर्षी मर्यादेवर निघाली ७१ पोती, आणि २०१५ पासून एकही नाही. एकीकडे शेतात पोटॅश खत भरपूर दिले होते : रोपाला खरे पोटॅशियम पुरेसे मिळाले की ते त्याच्या तोतयाला फारसे घेत नाही. २०२० पासून बहुतेक भागांत प्रत्येक पोत्याऐवजी नमुन्यांची तपासणी होते. रानात मात्र कोणी खत घालत नाही. युरोपात अळंबी आणि ती उकरून खाणारी रानडुकरे यांच्यात आजही सीझियम आढळते. बव्हेरियातील रानडुकरांवरील २०२३ च्या अभ्यासात असे दिसले की त्यातील काही हिस्सा चेर्नोबिलचा नसून त्याआधीच्या अण्वस्त्र चाचण्यांचा आहे.

आता आपल्या टाक्यांकडे. प्रथम स्पष्ट करावयास हवे की आमच्या कक्षात सीझियम नाही, स्ट्रॉन्शियम नाही. ८ दिवसांच्या अर्धायुष्याचे आयोडीन आहे. रुग्ण घेतलेल्या मात्रेचा मोठा भाग पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे टाकतो. कक्षाची शौचालये वेगळ्या नळाने केवळ या टाक्यांना जोडलेली आहेत. एक टाकी भरली की तिला कुलूप लागते. दुसरी भरू लागते. सुरक्षा अधिकारी मापन करतात, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाने घातलेल्या मर्यादेच्या आत आल्यावरच ते पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत जाते. कक्ष सुरू होण्यापूर्वी शेजाऱ्यांच्या विहिरीचे पाणी, लसूणघास आणि दूध यांचे नमुने तपासून घेतले, म्हणजे पुढे तुलनेस आधार राहील. त्या वेळी शेजारी म्हणाले, "शून्य येऊ दे म्हणजे झालं." त्यांना सांगावे लागले की शून्य येणार नाही, आणि येऊही नये. पोटॅशियमचा एक नैसर्गिक अंश किरणोत्सर्गी असतो. कोणत्याही गोठ्यातील एक लिटर दुधात त्याचे साधारण ४० ते ५० बेकरेल असतात आणि या सभागृहातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीच्या देहात ४,००० च्या आसपास. आयोडीन-१३१ मात्र निसर्गतः नसते. ते आढळले तर ते आमचेच, असे त्यांनी समजावे, आणि ते आम्हांस विचारावे.

प्रामाणिकपणे आणखी एक सांगणे भाग आहे. सारेच आयोडीन टाक्यांत येत नाही. थायरॉइडच्या अतिस्रावासाठी लहान मात्रा घेणारे रुग्ण नियमानुसार त्याच दिवशी घरी जातात आणि त्यांचे सांडपाणी गावाच्या वाहिनीत मिसळते. जगातील अनेक शहरांच्या सांडपाणी प्रकल्पांतील गाळात रुग्णालयांचे आयोडीन मोजता येते. ते अल्प असते आणि लवकर विरते. परंतु ते नाही असे म्हणणे खोटे होईल.

आता ज्यांनी तक्रारपेटीत चिठ्ठ्या टाकल्या, त्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. 'खाट रिकामी असताना आमच्या माणसाला तारीख का मिळत नाही?' असा त्यांचा प्रश्न आहे. गतवर्षी एका टाकीचा पातळीदर्शक बिघडला. दुरुस्ती होईपर्यंत ती वापरता येईना आणि दुसरी अद्याप थांबण्याच्या काळात होती. अकरा दिवस आम्ही एकही नवीन रुग्ण घेतला नाही. एका रुग्णाचे चिरंजीव आमच्या दालनात येऊन संतापून बोलले. त्यांचे वडील परगावाहून आले होते, लॉजचे भाडे चढत होते. डॉक्टरांनी त्यांना सांगितले की या थोड्या विलंबाने त्यांच्या वडिलांच्या उपचारास बाधा येणार नाही. त्यांचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या कक्षाची क्षमता खाटांवर मोजली जात नाही, टाकीवर मोजली जाते. हे प्रवेशपत्रावर पहिल्याच दिवशी छापावयास हवे होते. ते आता छापले आहे.

नोंदींविषयी आम्ही थोडे अधिक काटेकोर झालो आहोत, याचेही कारण आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहरात एका बंद पडलेल्या खाजगी उपचार केंद्राच्या इमारतीत सीझियमचे किरणोपचार यंत्र तसेच राहून गेले. भंगार वेचणाऱ्यांनी ते उचलले, फोडले. आतील चमकणारी निळसर भुकटी घरोघर वाटली गेली. चार जण दगावले, २४९ जण बाधित आढळले, एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली, अंगणांची माती खरवडून न्यावी लागली. २०१० मध्ये दिल्लीतील मायापुरीत कोबाल्टचे एक जुने उपकरण भंगाराच्या लिलावातून बाहेर पडले आणि एक कामगार प्राणास मुकला. यंत्र बिघडल्याने नव्हे, तर मालमत्तेच्या नोंदवहीतून ते निसटल्याने हे घडले. आणि नोंदवही हे आमचे खाते आहे. आमच्याकडे भंगाराचा लिलाव आता सुरक्षा अधिकाऱ्यांच्या सहीशिवाय होत नाही.

विश्वस्त मंडळापुढे आम्ही तिसऱ्या टाकीचा प्रस्ताव ठेवला आहे. ती झाल्यास एखादी टाकी दुरुस्तीस गेली तरी रुग्णांना थांबावे लागणार नाही आणि पाणी मुदतीआधी सोडण्याचा मोह कोणालाही होणार नाही. अंदाजपत्रक अहवालाच्या अखेरीस जोडले आहे. तिच्यावरही पाटी लावता येणार नाही, हे देणगीदारांना आधीच सांगून ठेवतो.

चहापानानंतर ज्यांना टाक्यांची जागा पाहावयाची असेल, त्यांनी मागील प्रवेशद्वाराशी यावे. सुरक्षा अधिकारी दहा-दहा जणांना घेऊन जातील. क्रमांक एकची टाकी सध्या कुलूपबंद आहे, क्रमांक दोन भरत आहे, आणि दोन्हींची नोंदवही तेथील टेबलावर उघडी ठेवली आहे. शेजारी गृहस्थही आज येथे उपस्थित आहेत. यंदाच्या तपासणीचे कागद त्यांच्याकडेही आहेत, ते त्यांना अवश्य विचारावेत.